दारातला चेहरा

सकाळचा खेळ सुटला तेव्हा मी प्रक्षेपण कक्षातून उतरून बाहेरच्या दालनात उभा होतो. महोत्सवात तांत्रिक देखरेख करणाऱ्याने बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांच्या बोलण्याकडे कान द्यावा, असे मला वाटते; आवाज कमी होता की चौकट कापली गेली, हे सर्वांत आधी तिथेच कळते. त्या दिवशीचा चित्रपट जुना, कृष्णधवल, मूळ निगेटिव्हवरून ४के मध्ये नव्याने पुनरुज्जीवित केलेला होता आणि महोत्सव सुरू होण्याच्या आधीपासून रसिकांत त्याचीच चर्चा होती. बाकी काहीही चुकले तरी चालेल, पण हा चुकवायचा नाही, असे लोक एकमेकांना बजावत होते. आता तेच लोक बाहेर येऊन म्हणत होते की, पुनरुज्जीवन करणाऱ्यांनी चित्रपट काळा करून टाकला. दुपारपर्यंत हे मत दुसऱ्या चित्रपटांसाठी लागलेल्या रांगांतही पोचले होते.

जिन्याजवळ तिघेजण वाद घालत होते. त्यांतल्या एका तरुणाचा हा सर्वांत आवडता चित्रपट होता आणि त्याने तो घरी डिस्कवर अनेकदा पाहिला होता. मुलगा घर सोडून निघतो त्या प्रसंगात आई आतल्या अंधाऱ्या दारात उभी असते. तिचा चेहरा घरच्या ओएलईडी पडद्यावर दिसतो, इथे मात्र केवळ दाराची चौकट दिसली, असे तो सांगत होता. दुसऱ्याचे म्हणणे असे, की ओएलईडीत प्रत्येक बिंदू स्वतः उजळतो आणि स्वतः पूर्ण विझतो, त्यामुळे तिथला काळा रंग खरा काळा असतो. चित्रपटगृहातल्या प्रोजेक्टरला ते जमणारच नाही. तिसऱ्या, वयाने मोठ्या गृहस्थांना अंधार मुळीच खटकला नव्हता. दिग्दर्शक स्टॅन्ली कुब्रिक यांनी १९७५ च्या ‘बॅरी लिंडन’मधले काही प्रसंग केवळ मेणबत्त्यांच्या उजेडात, एफ/०.७ इतक्या मोठ्या छिद्राच्या, खूप प्रकाश आत घेणाऱ्या झाइस भिंगांनी चित्रित केले होते, याची आठवण करून देत ते म्हणाले, “अंधार हासुद्धा दिग्दर्शकाचाच निर्णय असतो.”

त्यांचे म्हणणे योग्य होते; पण असा अंधार फार मोजून मापून केलेला असतो आणि तो पडद्यावर तितकाच उतरवणे हे माझे काम आहे.

मी तरुणाला विचारले, “घरी टीव्हीवर चित्र गुळगुळीत करणारी सोय चालू असते का?” कारखान्यातून येतानाच अनेक टीव्हींमध्ये सेकंदाला २४ चौकटींच्या मधे कृत्रिम चौकटी भरल्या जातात आणि सावल्याही उजळ केल्या जातात, तसे असेल तर त्याला घरी दिसलेला चेहरा दिग्दर्शकाने तितका उजळ ठेवलेलाच नसेल. तो म्हणाला, “नाही सर, ते सगळे बंद करून मी फिल्ममेकर मोडवरच पाहतो.” माझे पहिले स्पष्टीकरण तिथेच गळून पडले. मग मी तिघांनाही विचारले की, ते कुठे बसले होते. तरुण डाव्या कडेला होता, वयस्क गृहस्थ अगदी मधोमध. हे ऐकल्याबरोबर मला शंका आली, कारण त्या सभागृहात थ्रीडीसाठी बसवलेला चंदेरी पडदा आहे. असा पडदा प्रकाश मुख्यतः समोरच्या दिशेने परत पाठवतो. मध्यभागी बसलेल्याला चित्र उजळ दिसते आणि कडेला बसलेल्याला मंद. मुळातच प्रकाश कमी असेल, तर कडेच्या खुर्च्यांपर्यंत काहीच उरत नाही.

चित्रपटगृहातल्या डिजिटल प्रक्षेपणात पडद्याच्या मध्यावर पांढऱ्या रंगाची तेजस्विता १४ फूट-लॅम्बर्ट, म्हणजे ४८ निट असावी, असे प्रमाण ठरलेले आहे. घरचा एचडीआर टीव्ही याच्या कितीतरी पट उजळ होऊ शकतो, म्हणून हा आकडा नवख्या माणसाला क्षुल्लक वाटतो. पण पूर्ण अंधाऱ्या सभागृहात डोळा सरावला की तेवढा प्रकाश भरपूर होतो, आणि छायाचित्रकार व रंगसंस्कार करणारे तंत्रज्ञ प्रत्येक सावली याच मापाच्या पडद्यासमोर बसून ठरवतात. हे माप घसरले की उजळ आकाश थोडे फिके पडते, त्याची फारशी कोणी दखल घेत नाही. सावल्यांचे मात्र तसे होत नाही. बाहेर जाण्याच्या दारावरचे दिवे आणि पायऱ्यांवरचे दिवे पडद्यावर जो पुसट उजेड टाकत असतात, तो तेवढाच राहतो आणि सावलीतले सगळे बारकावे त्या उजेडात बुडून जातात. दारातली आई नेमकी तिथेच हरवली होती.

दुपारच्या मोकळ्या वेळात मी सर्व्हरवरून पांढरी चाचणी-चौकट पडद्यावर टाकली आणि मधल्या रांगेत बसून मापकाने मोजले. आकडा आला १७ निट, म्हणजे हव्या त्या ४८ च्या निम्म्याहूनही कमी. क्षणभर विश्वास बसला नाही, म्हणून जागा बदलून पुन्हा मोजले. मधोमध १७, कडेला त्याहूनही कमी. आधी झेनॉन दिव्यावर संशय गेला, पण त्याचे तास मर्यादेच्या आत होते. कक्षाच्या खिडकीची काच पुसली, त्यानेही फरक पडला नाही. मग टॉर्च घेऊन प्रोजेक्टरच्या समोर गेलो, तर भिंगापुढे हाताच्या पंजाएवढी काचेची काळपट चकती उभी होती. आदल्या रात्री तिथे थ्रीडी चित्रपट झाला होता आणि त्याचा ध्रुवीकरण करणारा फिल्टर कोणी बाजूला सरकवलाच नव्हता. तो भिंगापुढे असताना निम्म्याहून अधिक प्रकाश तिथेच शोषला जातो.

चित्रपटगृहाच्या माणसाने तो काढला नाही हे खरे, पण तो पाहणे माझे काम होते आणि त्या सकाळी मी ते केले नाही. चित्रपटाची केडीएम, म्हणजे डीसीपी (चित्रपटगृहाला मिळणारी चित्रपटाची कुलूपबंद डिजिटल प्रत) उघडणारी डिजिटल किल्ली, चुकीच्या सर्व्हरसाठी काढली गेली होती. ही किल्ली ठरावीक सर्व्हरवर आणि ठरावीक वेळेतच चालते. नवी किल्ली खेळाच्या जेमतेम वीस मिनिटे आधी आली. त्या धांदलीत मी चौकट पाहिली, आवाज पाहिला, सुरुवातीचा एक उजळ प्रसंग चालवला आणि सगळे ठीक आहे असे कळवले. उजळ प्रसंगावरून प्रकाशाची परीक्षा होत नाही, हे मला चांगले ठाऊक होते.

फिल्टर काढल्यावर आकडा ४४ वर गेला आणि दिव्याचा विद्युतप्रवाह किंचित वाढवल्यावर ४८ वर स्थिरावला. लगेच आयोजकांना भेटून मी घडले ते सांगितले. पुनरुज्जीवनावर काही वर्षे खपलेल्या माणसांच्या माथी हा अंधार मारला जात होता आणि ते मला अस्वस्थ करत होते. रात्री त्याच चित्रपटाचा दुसरा खेळ होता. सकाळच्या तिकिटावर त्याला प्रवेश द्यावा आणि कारण लपवू नये, ही माझी विनंती आयोजकांनी मान्य केली. खेळाआधी मी स्वतः पडद्यासमोर उभा राहून सांगितले की, सकाळी दिसलेला अंधार दिग्दर्शकाचा नव्हता, पुनरुज्जीवन करणाऱ्यांचाही नव्हता. तो भिंगापुढे राहून गेलेल्या फिल्टरचा होता.

तो प्रसंग आला तेव्हा मी मुद्दाम डाव्या कडेच्या खुर्चीत बसलो होतो. आधी दाराची चौकट, मग पदराची कड, मग हळूहळू गाल आणि कपाळ. डोळा सरावेपर्यंत दिग्दर्शकाने ते दृश्य थांबवून धरले आहे, हे मला त्या वेळी प्रथमच कळले. सभागृहात कोणी हलत नव्हते.

बाहेर आल्यावर तो तरुण मला शोधत आला. “सर, ती डोळे मिटून घेते,” तो म्हणाला. “इतक्यांदा पाहिला, पण घरच्या पडद्यावर हे माझ्या लक्षातच आले नव्हते.” मग थोडे थांबून त्याने विचारले की, चौकोनी चित्राच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्या करड्या का दिसत होत्या, घरी तर त्या पूर्ण काळ्या असतात. त्याचे बरोबर होते. प्रोजेक्टर काळ्या जागेवरही थोडा प्रकाश टाकतोच आणि १.३७ प्रमाणाच्या चित्रासाठी बाजूचे काळे पडदे आत ओढून घ्यायला हवे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी एका मदतनिसाला सोबत घेऊन ते पडदे ओढून पाहिले. उजव्या बाजूचा पडदा अर्ध्यावर अडकत होता. त्याची दोरी बदलायला सांगितली आणि मापक घेऊन पुढच्या सभागृहाकडे गेलो.