पिन जागेवर होती

'पुढे जाऊन रिव्हर्स टाकला की मागून टक् वाजतं,' एवढीच तक्रार होती. जुनी व्हॅन. अ‍ॅक्सलच्या टोकाला खाचांचा मोठा नट, त्यातून आरपार स्प्लिट पिन, म्हणजे नट निघून जाऊ नये म्हणून टोकं वाकवून अडकवायची तार.

मी येईपर्यंत हेल्परने मागचा भाग घोड्यांवर, म्हणजे गाडी टेकवायच्या लोखंडी स्टँडवर, घेतला होता आणि पान्याच्या बारला मीटरभर पाईप लावून ओढायच्या तयारीत होता. मी ओरडलोच. नट अडून बसला की तो जोर गाडीवर येतो आणि घोडी सरकते. हा नट चाकं जमिनीवर असतानाच सैल करायचा. गाडी गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला, बाकीच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे, आणि चाकाची मधली टोपी काढून सॉकेट आत. पाच मिनिटांच्या या कामात कुणी आळस केलेला मला खपत नाही.

डावा नट रात्रभर तेल मुरवूनही हलेना. पोरगा म्हणाला, "काका, गॅसने तापवू." नको म्हटलं, आत सील आहे, बेअरिंगचं ग्रीस आहे. झटके न देता दोघांनी पाईपवर हळूहळू वजन टाकलं, तेव्हा कर्र करून सुटला.

उजव्या नटाची पिन काढली, बार लावला आणि हाताने नुसता दाबला. नट फिरला. पाईपची गरजच पडली नाही. काळजात चर्र झालं. हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो भाग, ओढून काढला तर अ‍ॅक्सलमध्ये अडकणारे त्याचे आतले स्प्लाइनचे दात निम्मे झिजलेले, खाचांत तांबूस भुकटी. टक् वाजत होतं ते इथूनच. नट कसल्यावर पिनचं भोक खाचेशी जुळलं नाही म्हणून कुणीतरी तो थोडा मागे फिरवून पिन घातली होती. नट कधी मागे घ्यायचा नसतो, भोक सापडेपर्यंत पुढेच कसायचा. पिन नटाला गळू देत नाही. तो ढिला असेल तर तिचा काही उपयोग नाही.

नवा हब बसवला. या नटाला साधारण 340 न्यूटन-मीटर लागतात आणि माझा टॉर्क रेंच, म्हणजे किती जोराने आवळलं ते मोजणारा पाना, 200 लाच संपतो. म्हणून आधी चाक वर असताना, पोराला ब्रेक दाबायला लावून नट जमेल तेवढा आवळला; ढिल्या नटावर गाडीचं वजन टाकलं की बेअरिंग खराब होतं. मग चाक खाली टेकवलं, बार आडवा धरला आणि मध्यापासून अर्ध्या मीटरवर माझं 70 किलो वजन टाकलं. 70 किलो म्हणजे साधारण 690 न्यूटन, त्याचं अर्ध्या मीटरवर 340 च्या आसपास; हिशोब जुळतो. तिथून पुढे भोक येईपर्यंत कसून नवी पिन घातली. हवेच्या गनने घर्रकन आवळून 'झालं' म्हणणाऱ्यांना नट किती बसला हे स्वतःलाही ठाऊक नसतं, आणि गाडी मात्र रस्त्यावर जाते.

डोक्यातून जात नाही ते वेगळंच. चार महिन्यांपूर्वी याच गाडीचे ब्रेक मी तपासले होते. तिचा ड्रम हबवरून वेगळा निघतो, त्यामुळे नटाला पाना लागलाच नव्हता. पिन बघितली, जागेवर होती, आणि पुढे गेलो.

गाडीमालकांना हे सांगितलं. ते म्हणाले, "पण पिन तर होतीच ना?"