कानातल्या आवाजावर काय खावं, कुठली गोळी घ्यावी

रात्री वीज जाते, पंखा थांबतो आणि कानातली शिट्टी एकदम चढते. खरं तर ती होती तेवढीच असते, इतका वेळ पंख्याने ती झाकून धरलेली असते. कान वाजण्याच्या त्रासात ही गोष्ट सगळ्यात आधी कळायला हवी. पण कानावर पडतात ते सल्ले वेगळेच: चहा सोडा, झिंक सुरू करा, लसणाचं तेल घाला, जिंको या झाडाच्या पानांच्या अर्काच्या गोळ्यांचा कोर्स करा. यातल्या कशात दम आहे, कशात नाही आणि कुठे उलट नुकसान होतं, ते इथे तपशिलात मांडलं आहे.

आतल्या कानात गोगलगायीच्या शंखासारखी वळलेली नळी असते आणि तिच्यात आवाज टिपणाऱ्या केसपेशी असतात. वय, गोंगाट आणि काही औषधं यांनी त्या मरतात, आणि माणसाच्या कानात त्या पुन्हा उगवत नाहीत. गोंगाटाचं नुकसान बहुधा ४,००० हर्ट्झच्या आसपास आधी दिसतं, म्हणून अशा कानातला आवाज बारीक असतो, रातकिड्यासारखा. त्या पट्टीतलं ऐकू येणं कमी झालं की मेंदू आपल्या बाजूने आवाज वाढवायला लागतो आणि स्वतःचीच खरखर ऐकतो. ही स्थिती बहुतेकांची असते, आणि तिच्यावर ताटातला कुठलाही बदल किंवा कुठलीही गोळी आवाज बंद करत नाही. हे वाचून वाईट वाटेल, पण महिन्याला हजार-दीड हजार रुपये गोळ्यांवर घालवण्याआधी ते माहीत असलेलं बरं.

काही जणांच्या कानामागे मात्र वेगळं कारण असतं: बी-१२ कमी, हिमोग्लोबिन कमी, थायरॉइड बिघडलेलं, मेनियरचा आजार (आतल्या कानाचा, ओळख पुढे दिली आहे), किंवा नुसता मळ. तिथे आहार आणि औषध खरोखर कामाला येतात. म्हणून आधी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून कान तपासून घ्या आणि ऑडिओमेट्री, म्हणजे श्रवणचाचणी, करा. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, तिथे ती होते. रक्तात हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉइडची चाचणी), बी-१२ आणि साखर बघा, बीपी मोजा. चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी बरोबर न्या. जेंटामायसिन, अमिकासिन, सिस्प्लॅटिन, क्विनीन, मोठ्या डोसातलं फ्युरोसेमाइड आणि मोठ्या डोसातलं अ‍ॅस्पिरिन कानाला बाधू शकतात. हृदयासाठीची ७५ मिलिग्रॅमची अ‍ॅस्पिरिन हा मोठा डोस नव्हे, ती आपल्या मनाने अजिबात बंद करू नका.

एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं तर घरगुती उपायात एक दिवसही घालवू नका. त्यावर देतात त्या स्टिरॉइडचा उपयोग पहिल्या काही दिवसांत सर्वात जास्त होतो, दोन आठवड्यांनंतर झपाट्याने कमी होतो. आवाज नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडत असेल, किंवा महिनोन्‌महिने एकाच कानात असेल, तरी तपासणी टाळू नका. ठोक्याच्या आवाजामागे रक्तवाहिनीचा दोष असू शकतो किंवा डोक्यातला दाब वाढलेला असू शकतो, आणि एकाच कानातल्या आवाजासाठी एमआरआय करून श्रवणनसेवर गाठ नाही ना, हे बघावं लागतं.

आता ताटाकडे. मीठ कमी केल्याने कान शांत होतात असं सरसकट सांगितलं जातं, ते खरं नाही. मीठ महत्त्वाचं आहे ते मेनियरमध्ये. त्याची ओळख अशी: गरगरण्याचे झटके वीस मिनिटांपासून बारा तासांपर्यंत टिकतात, कान भरल्यासारखा वाटतो, ऐकू येणं कमीजास्त होतं आणि आवाज शिट्टीपेक्षा लाटांच्या घोंगावण्यासारखा असतो. या आजारातही मिठाच्या पथ्याचा भक्कम पुरावा नाही. पण पथ्याने सहसा तोटा नाही आणि बीपीला फायदाच आहे, म्हणून ते करावं असं माझं मत. दिवसाला सोडियम १,५०० ते २,००० मिलिग्रॅम ठेवायला सांगतात. २,००० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे पाच ग्रॅम मीठ, सपाट केलेला एक लहान चमचा, आणि त्यात दिवसभराचं सगळं आलं.

घरात किती मीठ जातं ते चमच्याने मोजायला जाऊ नका, पिशवीने मोजा. एक किलोची पिशवी फोडली की तिच्यावर तारीख लिहा. चार माणसांच्या घरात ती तीस दिवसांत संपली तर माणशी रोज आठ ग्रॅमच्या वर मीठ गेलं. पाच ग्रॅमचा हिशेब धरला तर तीच पिशवी पन्नास दिवस पुरायला हवी. आणि हे फक्त स्वयंपाकातलं झालं. पापड, लोणचं, फरसाण, पाव, सुकी मासळी, बिस्किटं वेगळी, म्हणून पिशवी सत्तर-ऐंशी दिवस चालली तर हिशेब जमला म्हणायचं.

या पथ्यात नेहमी तीन ठिकाणी चूक होते. सैंधव मीठ ‘चालतं’ असं समजून मोकळ्या हाताने घातलं जातं, पण तेही बहुतांशी सोडियम क्लोराइडच आहे. दुसरी चूक सोड्याची. पाच ग्रॅम खायच्या सोड्यात १,३०० मिलिग्रॅमहून जास्त सोडियम असतं, म्हणजे ढोकळा अळणी लागला तरी सोडियम पोटात जातंच, आणि पापडखाराचंही तसंच. तिसरी चूक धोक्याची आहे. ‘लो सोडियम’ मिठात पोटॅशियम क्लोराइड असतं. मूत्रपिंडाचा आजार असेल, किंवा बीपीसाठी टेल्मिसार्टन, रामिप्रिलसारखी गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते वापरू नका. रक्तातलं पोटॅशियम चढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. चवीसाठी लिंबू, चिंच, जिऱ्याची फोडणी, कढीपत्ता पुरेसे आहेत. सोलकढीसाठी आगळ वापरत असाल तर आगळात मीठ भरपूर असतं हे लक्षात घ्या. आठवडाभर पथ्य आणि रविवारी मिसळ, वर पापड, असं करू नका. रोजचं प्रमाण सारखं राहणं हाच या पथ्याचा गाभा आहे.

चहा-कॉफीवर उगाच आळ आला आहे. अमेरिकेतल्या ६५ हजार नर्सेसच्या दीर्घ पाहणीत जास्त कॅफीन घेणाऱ्या बायकांमध्ये कान वाजण्याचं प्रमाण थोडं कमीच निघालं, आणि ब्रिटनमधल्या ब्रिस्टलच्या एका प्रयोगात कॅफीन बंद करून ६६ जणांना फायदा दिसला नाही, उलट चहा-कॉफी सुटल्याची डोकेदुखी मात्र झाली. दिवसाचे दोन-तीन कप खुशाल घ्या. फक्त दुपारनंतरचा चहा झोप घालवत असेल तर तो सोडा, कारण झोप मोडली की दुसऱ्या दिवशी हाच आवाज असह्य वाटतो. कमी करायचं ठरवलंच तर दर तीन-चार दिवसांनी अर्धा कप, असं उतरत या.

बी-१२ ही आपल्याकडची खरी गोष्ट आहे. शाकाहारी माणसाला ते दूध-दह्यातूनच काय ते मिळतं. भाज्या-डाळींत ते नसतं, आणि मधुमेहाची मेटफॉर्मिन किंवा आम्लपित्ताची पँटोप्राझोल वर्षानुवर्षं चालू असेल तर शोषणही कमी होतं. २०१६ साली भारतात ४० रुग्णांवर झालेल्या लहान चाचणीत बी-१२ची इंजेक्शनं दिल्यावर आराम पडला तो ज्यांच्यात कमतरता होती त्यांनाच. बाकीच्यांना फरक पडला नाही. ही सगळी मेख आहे. म्हणून गोळी सुरू करण्याआधी रक्त तपासायला द्या. आठवडाभर गोळ्या खाऊन तपासलं तर आकडा चांगला येतो आणि खरी कमतरता झाकली जाते. २०० पिकोग्रॅमच्या खाली असेल तर कमतरता धरतात, २०० ते ३०० हा संशयाचा पट्टा. डॉक्टर इंजेक्शनं देतात किंवा रोज १,००० मायक्रोग्रॅमची गोळी, आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी. नुसती फॉलिक अ‍ॅसिडची गोळी घेऊ नका. त्याने रक्त सुधारलेलं दिसतं, पण नसांचं नुकसान आत चालूच राहतं. ‘नसांची ताकद’ म्हणून मिळणाऱ्या गोळ्यांत बी-६ बरंच असतं, आणि ते जास्त डोसात दीर्घकाळ घेतलं की पायाला मुंग्या येतात. ज्यासाठी गोळी घेतली तोच त्रास गोळीने.

बाकीच्या गोळ्यांचं थोडक्यात. जिंको बिलोबावर २००१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये हजाराहून जास्त लोकांची चाचणी आली. रोज १५० मिलिग्रॅम, बारा आठवडे. खोट्या गोळीपेक्षा फरक शून्य. रक्त पातळ करणाऱ्या क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन, अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांना त्याने रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. झिंक कमी असेल तरच भरून काढायचं. रोज ५० मिलिग्रॅम महिनोन्‌महिने घेतलं की शरीरातलं तांबं घटतं आणि रक्त कमी होतं. मॅग्नेशियम तिळातून, नाचणीतून, भोपळ्याच्या बियांतून घ्या, जास्तीच्या गोळीने जुलाब होतात आणि मूत्रपिंड कमजोर असेल तर ती धोक्याची. अ जीवनसत्त्वाच्या मोठ्या डोसाने डोक्यातला दाब वाढून ठोक्याबरोबर आवाज सुरू होऊ शकतो. डी जीवनसत्त्वाची ६० हजार युनिटची पुडी आठवड्याला एक असते, ती रोज घेतली जाण्याची चूक सर्रास होते. मेलाटोनिन तीन मिलिग्रॅमने काहींची झोप सुधारते, तेवढाच त्याचा उपयोग. बीटाहिस्टीन हे गरगरण्यावरचं औषध आपल्याकडे कान वाजण्यावर सर्रास लिहून दिलं जातं, पण गरगरणं नसेल आणि नुसता आवाज असेल तर त्याचा उपयोग सिद्ध झालेला नाही. ‘हे कशासाठी आणि किती दिवस’ असं डॉक्टरांना विचारण्यात काहीच गैर नाही. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या अकॅडमीने २०१४ साली जिंको, झिंक, मेलाटोनिन आणि इतर पूरक गोळ्या कान वाजण्यासाठी सुचवू नयेत असं स्पष्ट लिहिलं आहे.

मग शेजारच्या काकूंना गुण आला तो कसा? कानातला आवाज आपला आपण चढतो-उतरतो. माणूस गोळी सुरू करतो तो आवाज चढलेला असताना. चार दिवसांनी तो उतरणारच असतो, श्रेय गोळीला जातं. यावर उपाय आहे वही. रोज रात्री झोपताना दोन आकडे लिहा, शून्य ते दहामध्ये: आवाज किती, आणि त्रास किती. हे दोन वेगळे आहेत. दोन आठवडे काहीही न बदलता लिहा, मग एकच गोष्ट बदला आणि चार आठवडे लिहा. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर वही निरुपयोगी. जोडीला ‘टिनिटस हँडिकॅप इन्व्हेंटरी’ ही २५ प्रश्नांची यादी आधी आणि नंतर भरा. शंभरपैकी सात गुण तरी खाली आले तर फरक खरा धरावा.

कानात तेल घालण्याबद्दल. मळ घट्ट बसला असेल आणि पडदा शाबूत असल्याचं डॉक्टरांनी बघितलं असेल, तर हाताला कोमट लागेल असं खोबरेल किंवा ऑलिव्ह तेल, दोन-तीन थेंब, रात्री, तीन ते पाच दिवस. मग मळ डॉक्टरांकडून काढून घ्या. तेलाचं काम मळ मऊ करणं, तिथेच ते संपतं. पडद्याला भोक असेल तर तेच तेल आत जाऊन कान फुटतो. तळलेला लसूण घातलेलं तेल पातेल्यात थंड वाटलं तरी आत भाजू शकतं. पावसाळ्यात कोकणात कानात बुरशी होण्याचं प्रमाण जास्त असतं, अशा कानात तेल म्हणजे आणखी ओल. कापसाचा बोळा लावलेली काडी मळ आतच ढकलते. कर्णनाद हा विकार सुश्रुतसंहितेत वर्णिलेला आहे आणि कर्णपूरणही (कानात तेल भरणं) जुनं आहे, पण ते वैद्याने कान बघून करावं, आणि भस्मं असलेली औषधं पावती-लेबलाशिवाय घेऊ नयेत.

जबडा घट्ट आवळून पाच सेकंद धरा, मग मान दोन्हीकडे वळवा. आवाजाची पट्टी बदलली तर जबड्याचा किंवा मानेचा वाटा आहे. सुपारी बंद करा, जबड्याला दिवसातून दोनदा दहा-दहा मिनिटं शेक द्या, आणि रात्री दात खात असाल तर दंतवैद्याकडून गार्ड बनवून घ्या. भ्रामरी रोज पाच मिनिटं करावी. ती आवाज घालवत नाही, पण श्वास लांबतो आणि मन त्याच्यामागे धावायचं थांबतं.

उरलेला कान जपणं हे सगळ्या गोळ्यांपेक्षा मोलाचं. ८५ डेसिबलला आठ तास चालतात, आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला पंधरा मिनिटंच उरतात. ढोल-ताशा पथकात वाजवणाऱ्या मुलांनी हे वाचाच. कापसाचे बोळे काही अडवत नाहीत. फोमचा प्लग बोटांत वळून सुईसारखा बारीक करा, दुसऱ्या हाताने डोक्यावरून कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढा, प्लग आत सरकवा आणि तीस सेकंद बोटाने दाबून धरा. स्वतःचा आवाज घुमल्यासारखा वाटला की तो बसला. घरात मात्र प्लग घालून फिरू नका, शांततेत मेंदू आवाज आणखी वाढवतो.

त्रास कमी करण्याचा सर्वांत भक्कम पुरावा आहे तो कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपीचा (विचार आणि सवयी बदलायला शिकवणारी समुपदेशनाची पद्धत), आणि ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्राचा मोठा आधार होतो. रात्रीसाठी पावसाचा किंवा पंख्याचा आवाज फोनवर लावा, उशीपासून हातभर दूर ठेवा, आणि आवाज हळूहळू वाढवत न्या. कानातली शिट्टी आणि पाऊस दोन्ही ऐकू येतील, शिट्टी जराशीच वर राहील, तिथे थांबा. शिट्टी पूर्ण बुडवली तर मेंदूला तिची सवय होत नाही, आणि ही सवय व्हायला कित्येक महिने लागतात. फाइल फोनमध्ये उतरवून घ्या, एअरप्लेन मोड लावा, बॅटरी भरलेली ठेवा. मग रात्री दोनला वीज गेली आणि पंखा थांबला, तरी पाऊस चालू राहतो.