मनीच्या खाऊचे पैसे परत

अमेरिकेत शिकायला आलेल्यांनी मांजर पाळू नये, असं माझं ठाम मत आहे. लीजवर वेगळं डिपॉझिट, व्हेटची फी, सुट्टीत भारतात जायचं तर सांभाळणार कोण, सगळाच व्याप. पण मी सिनसिनाटीला एमएस करत होते तेव्हा, 2014च्या थंडीत, माझ्या नागपूरच्या रूममेटने शेल्टरमधून एक करडी मांजर उचलून आणली. तिचं नाव अर्थातच मनी पडलं आणि माझ्या मताला कुणी विचारेना. अॅमेझॉनचं स्टुडंट प्राइम माझ्या नावावर, त्यामुळे खाऊ मागवायचं काम माझ्याकडे आलं. मी ऑर्डर करायची, स्प्लिटवाइजवर टाकायची, तिघींत भागायचं.

खाऊ होता ब्लू बफलोचा. आमच्या खिशाला महागच, पण पिशवीवर लिहिलेलं वाचून रूममेट भाळली होती: मका नाही, गहू नाही, सोया नाही, चिकनचं किंवा पोल्ट्रीचं बाय-प्रॉडक्ट मील नाही. म्हणजे मांस काढून घेतल्यावर उरणारे पाय, माना, आतडी वगैरे दळून त्यात घातलेली नाहीत. त्या कोरड्या दाण्यांत गडद रंगाच्या बारीक गोळ्या असतात, कंपनी त्यांना 'लाइफसोर्स बिट्स' म्हणते. मनी बाकीचे दाणे फस्त करायची आणि या गोळ्या तेवढ्या वाटीच्या तळाशी शिल्लक ठेवायची, एकीलाही दात न लावता. ते निवडण्याचं कसब बघण्यासारखं होतं. बाकी तिची तब्येत उत्तम. हे आधीच सांगते, कारण पुढे ज्याला त्याला हेच विचारायचं होतं की मांजरीला झालं तरी काय.

काहीच झालं नव्हतं. मे 2014मध्ये, म्हणजे मनी घरात येण्याच्याही आधी, प्युरिना या प्रतिस्पर्धी कंपनीने ब्लू बफलोवर सेंट लुईसच्या फेडरल कोर्टात दावा लावला होता. तुमच्या मालात बाय-प्रॉडक्ट सापडतं, आमच्या तपासण्या तसं सांगतात, असा आरोप. ब्लू बफलोने आधी तो फेटाळला. त्याच वर्षी पुढे मान्य केलं की एका पुरवठादाराकडून आलेल्या मालात गडबड होती, लेबल एक आणि आत माल दुसरा. दरम्यान वेगवेगळ्या राज्यांतल्या ग्राहकांनीही खटले भरले. ते सगळे एकत्र करून सेंट लुईसलाच न्यायाधीश रॉडनी सिपेल यांच्यासमोर आले. डिसेंबर 2015मध्ये तडजोड झाली. कंपनीने चूक कबूल न करता 3 कोटी 20 लाख डॉलरचा निधी द्यायचं ठरलं. 7 मे 2008 ते 18 डिसेंबर 2015 या काळात अमेरिकेत ज्याने हा खाऊ विकत घेतला, तो त्या तडजोडीत आला. आपोआप. मीही.

मला हे कळलं वरच्या मजल्यावर राहणाऱ्या लॉच्या विद्यार्थिनीकडून. तिने जिन्यातच पर्याय सांगितले. फॉर्म भरून पैसे माग, किंवा वेळेत बाहेर पड म्हणजे स्वतंत्र खटला भरायचा हक्क राहतो, किंवा आत राहून कोर्टाकडे हरकत नोंदव. यातलं काहीच केलं नाहीस तर पैसेही नाहीत आणि दाव्याचा हक्कही गेला. गप्प बसणाऱ्याचं नुकसान ही गोष्ट मला फार पटली नाही, पण पद्धत तशी आहे.

पहिली शंका अर्थातच ही की हे खरं आहे का. अमेरिकेत आल्याच्या पहिल्याच महिन्यात 'आयआरएसमधून', म्हणजे तिथल्या आयकर खात्यातून, 'बोलतोय' म्हणणारे फोन येतात, त्यामुळे फुकट पैसे म्हटलं की हात आखडतो. मग मी पेसरवर गेले. ही फेडरल कोर्टांच्या कागदपत्रांची सरकारी साइट. पानाला 10 सेंट लागतात, पण तेव्हा तीन महिन्यांत 15 डॉलरच्या आत राहिलं तर बिल माफ होत असे. विद्यार्थ्यांना ही सोय कुणी सांगत का नाही, देव जाणे. खटल्याचा क्रमांक टाकला, तडजोडीचा करार उघडला, त्यातला फॉर्मच्या वेबसाइटचा पत्ता आणि मला मिळालेला पत्ता जुळवून पाहिला. जुळला. फॉर्म भरायला फी नव्हती, सोशल सिक्युरिटी नंबर मागितला नव्हता. जिथे पैसे द्यायच्या आधी पैसे मागतात तिथून पळावं.

दुसरी शंका व्हिसाची. एफ-1 या स्टुडंट व्हिसावर परवानगीशिवाय कॉलेजबाहेर काम करता येत नाही, मग हे पैसे कशात बसतात? आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या ऑफिसात विचारलं. तिथल्या बाईंनी शांतपणे सांगितलं, दुकानात वस्तू परत केलीस आणि पैसे मिळाले तर ती नोकरी होते का? हे तुझेच पैसे आहेत, तूच मोजलेले.

आता आकडे. पुरावा नसेल तर दर 50 डॉलरच्या खरेदीमागे 5 डॉलर, फार तर 10 डॉलर. पुरावा असेल तर दर तोच, पण कमाल 200 डॉलरपर्यंत. म्हणजे सगळा खेळ पावत्यांचा. इथे मला आई आठवली. ती कित्येक वर्षं मुंबई ग्राहक पंचायतीच्या संघात आहे. महिन्याचं सामान एकत्र येतं, कुणाच्या तरी हॉलमध्ये वाटप होतं, हिशेब चोख लागतो. बिलं तारेला खोचून ठेवणाऱ्या घरातली मी, पण मनीच्या बाबतीत तारेचं काम अॅमेझॉनने केलं होतं. ऑर्डर हिस्टरीत वर्ष निवडलं, एकेका ऑर्डरचं इन्व्हॉइस उघडून पीडीएफ केलं. मनीच्या शी-शूची वाळू, खेळणी, एक अत्यंत निरुपयोगी मांजरीचा तंबू हे सगळं वगळून फक्त त्या ब्रँडचा खाऊ, तोही 18 डिसेंबरच्या आतला, एवढंच धरलं. बेरीज तीनशेच्या थोडी वर गेली. म्हणजे मागणी 30 डॉलरची. दुकानातून रोखीने आणलेल्या एकदोन पिशव्या होत्या, त्यांच्या पावत्या नव्हत्या, त्या सोडून दिल्या.

फोनवर आईला सांगितलं तर ती अलिबागच्या सुरात म्हणाली, "अगं, आपल्याकडे मांजरं बांगड्याची डोकी खाऊन वाढतात. कोंबडीचे पाय खाल्ले तर बिघडलं काय?" मग क्षणभर थांबली आणि तिच्यातली पंचायतवाली जागी झाली. "पण नाही लिहिलं होतं ना? आणि त्या नाहीचे पैसे लावले होते ना? मग माग." संपूर्ण खटल्याचं सार मला एवढ्या कमी शब्दांत त्या कराराच्या जाडजूड पीडीएफमध्येही मिळालं नव्हतं.

फॉर्मच्या शेवटी एक वाक्य असतं, ते वाचल्याशिवाय सही करू नये. दिलेली माहिती खरी आहे, खोटी असेल तर शपथेवर खोटं बोलल्याचा गुन्हा लागेल, असं तुम्ही लिहून देता. आमच्या ओळखीतल्या एकाला बिनपावतीचे 10 डॉलर दिसले आणि तो म्हणाला, मीपण भरतो, कोण बघतंय. त्याच्याकडे मांजर नव्हती, कुत्रा नव्हता, कुंडीतली तुळससुद्धा वाळली होती. परक्या देशात स्टुडंट व्हिसावर राहून एका पिझ्झाच्या पैशांसाठी खोटी शपथ घ्यायची, हा हिशेब मला कुठल्याच बाजूने जमत नाही. आमच्या घरातही तिघींनी वेगळे फॉर्म भरले नाहीत. खरेदी माझ्या कार्डावर, म्हणून फॉर्म माझा.

शेवटची तारीख 14 एप्रिल 2016 होती. सेमिस्टरच्या धबडग्यात ती सहज निघून गेली असती, म्हणून ऑनलाइन भरून टाकला आणि आलेला क्लेम नंबर जपून ठेवला. मे महिन्यात कोर्टात अंतिम मंजुरीची सुनावणी होती. वकिलांची फी आणि नोटिशींचा खर्च त्याच निधीतून जातो, उरलेलं दावेदारांत वाटलं जातं, त्यामुळे नेमके किती मिळणार हे आधी कळत नाही. कधी मिळणार हेही नाही.

आणि विद्यार्थ्यांची खरी गोची इथे आहे. चेक जुन्या पत्त्यावर जातो आणि आपण दर वर्षी घर बदलतो. मी त्याच उन्हाळ्यात डिग्री घेऊन कोलंबसला गेले. पोस्टाकडे पत्ता बदलून ठेवला की साधी पत्रं वर्षभर नव्या घरी येतात, पण असले चेक पुष्कळदा पुढे न पाठवता परत पाठवायच्या सूचनेसह निघतात. म्हणून क्लेम नंबर देऊन वाटप करणाऱ्यांनाही नवा पत्ता कळवला. पोचही आली.

मग बऱ्याच काळाने, मी हे सगळं विसरल्यावर, जाहिरातींच्या गठ्ठ्यात एक पातळ पाकीट आलं. कडेला फाडायची छिद्रं असलेलं, दिसायला थेट क्रेडिट कार्डाच्या ऑफरसारखं. केराच्या टोपलीपर्यंत गेलेला हात खटल्याचं नाव दिसलं म्हणून थांबला. आत चेक, त्यावर बाद होण्याची तारीख. उभ्याउभ्या फोनने फोटो काढून बँकेत भरला. रकमेत श्रीमंती नव्हती, मनीच्या वाळूची सोय होईल इतपत.

स्प्लिटवाइजवर जुना ग्रुप उघडून तिघींत भागले. नागपूरकरणीचा लगेच मेसेज आला: मनी आता माझ्याकडे डॅलसला आहे, तेव्हा हे पैसे मनीचे, सगळे इकडे पाठव. मी तिसरा हिस्साच पाठवला.