दोन वॉटर पिल्स आणि एक नाकारलेला क्लेम

टीसीएमचा, म्हणजे हॉस्पिटलमधून घरी आलेल्या पेशंटला महिनाभर सांभाळायच्या कामाचा, क्लेम डिनाय झाला याचं मला फारसं वाईट वाटलं नाही, गेले ते पैसे गेले. डोक्यातून जात नाहीये ती त्या दुपारची गोष्ट, म्हणजे एका पेशंटला ईआरला, इमर्जन्सी रूमला, पाठवायचं की नाही हे ठरवताना माझ्या मनात नेमकं काय काय होतं. म्हणून लिहायला बसलोय.

आधी थोडं आमच्या धंद्याबद्दल, नाहीतर पुढचं कळणार नाही. अमेरिकेत स्वतःची प्रॅक्टिस चालवणारे डॉक्टर झपाट्याने कमी होतायत. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या पाहणीत २०१२ साली ६०.१ टक्के डॉक्टर प्रायव्हेट प्रॅक्टिसमध्ये होते, २०२२ला ४६.७. मेडिकेअर, म्हणजे म्हाताऱ्यांसाठीचा सरकारी विमा, ज्या कन्व्हर्जन फॅक्टरने गुणून आमची फी काढते तो २००१ साली ३८ डॉलरच्या वर होता, २०२५ला ३२ डॉलर ३५ सेंट, आणि मधल्या काळात भाडं, पगार, मालप्रॅक्टिसचा हप्ता सगळं कुठल्या कुठे गेलंय. आमची दोन डॉक्टरांची प्रॅक्टिस टिकली ती एसीओत, म्हणजे पेशंटच्या खर्चाची आणि क्वालिटीची जबाबदारी मिळून घेणाऱ्या डॉक्टरांच्या गटात, गेल्यामुळे. मेडिकेअरच्या शेअर्ड सेव्हिंग्ज प्रोग्रॅममध्ये शिरायला एसीओकडे किमान ५,००० पेशंट लागतात, तेवढे आमच्याकडे एकट्याने कुठून असणार, म्हणून बऱ्याच छोट्या प्रॅक्टिसेस एकत्र आल्या. आपल्या पेशंटवरचा मेडिकेअरचा एकूण खर्च ठरलेल्या बेंचमार्कच्या खाली राहिला आणि क्वालिटीचे निकष पाळले की वाचलेल्या पैशातला वाटा मिळतो, तोही पुढच्या वर्षी. त्या वाट्यावर आमच्या केअर कोऑर्डिनेटर नर्सचा पगार निघतो. ती नसती तर ही पेशंट परत अ‍ॅडमिट झाली असती, किंवा घरात पडून मांडीचं हाड मोडून घेतलं असतं.

पेशंट ऐंशीच्या पुढची, हार्ट फेल्युअर, किडनी थोडी कमजोर, बहिणीबरोबर राहते. माझ्याकडे खूप वर्षांपासून येते. श्वास लागला म्हणून अ‍ॅडमिट झाली आणि शुक्रवारी घरी आली. डिस्चार्ज झाल्याचा अलर्ट आमच्या सिस्टिमवर संध्याकाळी आला. मे २०२१ पासून हॉस्पिटलांना हे असे अलर्ट पाठवणं बंधनकारक आहे, आणि हा नियम खरंच कामाचा आहे, त्याआधी आम्हाला पेशंट अ‍ॅडमिट होऊन गेल्याचं दोन महिन्यांनी पेशंटकडूनच कळायचं. पण अलर्टमध्ये असतं काय, तर नाव, तारीख आणि बरं नशीब असेल तर निदान. कुठली औषधं सुरू केली, कुठली बंद केली, काही नाही. डिस्चार्ज समरी आली बुधवारी, तीसुद्धा फॅक्सने आणि तिसरं पान गायब.

टीसीएमचे पैसे मेडिकेअर २०१३ पासून देतं. दोन वर्किंग डेजमध्ये फोन, आणि केस गुंतागुंतीची असेल तर सात दिवसांत व्हिजिट. बाहेरच्यांना वाटतं फोन म्हणजे 'कसं वाटतंय' विचारायचं. आमची नर्स असं कधीच विचारत नाही, कारण त्याला सगळे 'छान' म्हणतात. ती विचारते काल रात्री किती उशा घेऊन झोपलात, सकाळचं वजन किती आलं, आणि आत्ता फोन हातात धरून औषधांच्या बाटल्यांपाशी जा आणि एकेका बाटलीवरचं लेबल मला वाचून दाखवा. सोमवारी सकाळी तिने फोन केला तेव्हा पेशंट दमलेली होती, चष्मा सापडत नव्हता, दोन-तीन लेबलं वाचून थांबली. नर्सने सांगितलं, गुरुवारी येताना घरातली एकूण एक बाटली, गोळ्यांचा डबा आणि सगळे कागद पिशवीत घालून आणा.

गुरुवारी आली ती भिंत धरत धरत. बसून ब्लड प्रेशर १०६, उभं केल्यावर ८४. वजन डिस्चार्जच्या वेळेपेक्षा साडेसात पौंडांनी कमी. जीभ कोरडी. मी पिशवी एक्झाम टेबलवर रिकामी केली आणि डब्यातला शुक्रवार सकाळचा कप्पा तळहातावर ओतला तर त्यात दोन पांढऱ्या गोळ्या शेजारी शेजारी, एक फ्युरोसेमाइड, एक टॉर्सेमाइड. दोन्ही वॉटर पिल्स, एकाच कामाच्या, अंगातलं पाणी लघवीवाटे काढायच्या, आणि दोन्ही पूर्ण डोसमध्ये.

मग एकेक कागद लावत गेलो. हॉस्पिटलने फ्युरोसेमाइड बंद करून टॉर्सेमाइड सुरू केली होती, बरोबर निर्णय होता, तिच्या आतड्यांना सूज असताना फ्युरोसेमाइड नीट शोषली जात नाही. 'फ्युरोसेमाइड बंद' हे डिस्चार्जच्या कागदांत तिसऱ्या पानावर होतं. हॉस्पिटलच्या हार्ट फेल्युअर क्लिनिकच्या नर्सने सोमवारी दुपारी फोन करून बजावलं होतं की नवी वॉटर पिल चुकवायची नाही. मंगळवारी होम हेल्थची, म्हणजे घरी जाऊन सेवा देणाऱ्या एजन्सीची, नर्स आली, तिच्याकडची यादी अ‍ॅडमिशनच्या सुरुवातीला रेफरल गेलं तेव्हाची, त्यात फ्युरोसेमाइड, आणि तिने त्या यादीप्रमाणे आठवड्याचा डबा भरून दिला. बाईंनी नवी टॉर्सेमाइड वेगळ्या बाटलीत होती ती स्वतः डब्यात वाढवली, फोनवर सांगितलं होतं ना चुकवायची नाही म्हणून. आणि फार्मसीच्या ऑटो-रिफिलने फ्युरोसेमाइडची नवीकोरी बाटली डिस्चार्जनंतर घरपोच आलेली. म्हणजे प्रत्येकाने आपापलं काम चोख केलं, पेशंटने प्रत्येकाचं ऐकलं, आणि त्यातून हे झालं. एवढी आज्ञाधारक पेशंट, तिला काय दोष देणार. होम हेल्थवाल्यांचा मात्र राग आला, समोर डिस्चार्जचे कागद पडलेले असताना अ‍ॅडमिशनच्या वेळची जुनी यादी वापरायची म्हणजे काय.

आता ईआर. शिकाऊ असताना मला कोणी विचारलं असतं तर सरळ पाठवा म्हणालो असतो. पण ती शुद्धीवर, बोलणं स्वच्छ, लघवी होतेय, ईसीजी पहिल्यासारखाच, कारण हातात सापडलेलं, घरी बहीण आहे. आणि तिला ईआरच्या कॉटवर बारा तास काढायला लागले की ती कशी गोंधळते हे मी आधी बघितलंय. दोन्ही वॉटर पिल्स थांबवल्या, लोसार्टन ही ब्लड प्रेशरची गोळीही थांबवली, रक्त तातडीने तपासायला पाठवलं, थोडं थोडं पाणी आणि सूप घ्यायला सांगितलं, बहिणीला फोनवर समजावलं की उठताना सोबत राहा आणि चक्कर आली, छातीत दुखलं, लघवी थांबली तर थेट ९११. संध्याकाळी रिपोर्ट आला, किडनीचं क्रिएटिनिन १.२ वरून वाढून २.१, पोटॅशियम कमी, ३.१. पोटॅशियमचा छोटा डोस दिला. नर्सने रात्री फोन केला, सकाळी केला, शुक्रवारी पुन्हा रक्त. सोमवारपर्यंत क्रिएटिनिन १.४ आणि बाई स्वतःच्या पायाने चालत आत आल्या. टॉर्सेमाइड एकटी, कमी डोसने परत सुरू केली.

सगळं बरोबर झालं. पण रक्ताचा रिपोर्ट यायच्या आधी, तिला घरी पाठवताना, तीस दिवसांतलं रीअ‍ॅडमिशन हा शब्द माझ्या डोक्यात येऊन गेला होता. हॉस्पिटलला तर ऑक्टोबर २०१२ पासून यावर दंडच आहे, मेडिकेअरच्या पेमेंटमधून ३ टक्क्यांपर्यंत, आणि हार्ट फेल्युअर पहिल्या दिवसापासून त्या यादीत. आम्हाला तसा दंड नाही, पण एक अ‍ॅडमिशन म्हणजे हजारो डॉलर आणि ते आमच्या एसीओच्या खर्चात पडतात, आणि नर्सचा पगार तर वाचलेल्या पैशातूनच. जुन्या पद्धतीत प्रत्येक गोष्टीची फी मिळायची, तेव्हा डॉक्टर जास्त तपासण्या करतो अशी शंका घ्यायचे. आता कमी केलं की शंका, आणि ती मला स्वतःबद्दलच येते. वैद्यकीय कारणं भक्कम होती, पुन्हा तशीच केस आली तर मी तेच करेन. तरीही त्या कारणांच्या रांगेत पैसा कुठे उभा होता ते मला प्रामाणिकपणे सांगता येत नाही.

यात पुढचा भाग असा की पैसा मुळात नव्हताच. क्लेम डिनाय का झाला बघायला गेलो तर कळलं, पुढच्या सोमवारी ती हार्ट फेल्युअर क्लिनिकला गेली आणि त्यांनीही टीसीएमच लावलं. एका डिस्चार्जमागे टीसीएम एकालाच मिळतं, ज्याचा क्लेम आधी पोचेल त्याला. त्यांचे क्लेम्स त्याच रात्री जातात, आमचे आठवड्यातून एकदा. मग म्हटलं निदान ती आमच्या एसीओच्या यादीत तरी आहे ना, तर तिथेही नाही! यादी बनते प्रायमरी केअरची, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरकडच्या व्हिजिट्सची, सर्वांत जास्त बिलं कोणाकडून गेली त्यावर, आणि हार्ट फेल्युअर क्लिनिकमधली नर्स प्रॅक्टिशनर, म्हणजे स्वतः पेशंट तपासून औषध देणारी नर्स, कार्डिऑलॉजीच्या क्लिनिकमध्ये बसत असली तरी तिच्या व्हिजिट्स प्रायमरी केअर म्हणून मोजल्या जातात. वर्षभरात त्या क्लिनिकच्या व्हिजिट्स माझ्यापेक्षा जास्त, म्हणून ती हॉस्पिटलच्या एसीओची. ज्यांनी हा नियम केला त्यांना हा घोळ माहीत नाही असं नाही, इतकी वर्षं सगळे ओरडतायत.

त्या नर्स प्रॅक्टिशनरला मी फोन केला. बाई हुशार आहे, कामाची पक्की, दोन्ही गोळ्यांचं ऐकून हादरली. तिला वाटत होतं औषधांची यादी मी सांभाळतो, मला वाटत होतं ती. आता ठरलंय की वॉटर पिलचा डोस फक्त ती बदलेल आणि त्याच दिवशी आमच्या नर्सला फोनवर सांगेल, बाकीची सगळी यादी आमची, घरी चिकटवलेला कागद एकच आणि तो आमच्याकडून. फार्मसीला फोन करून फ्युरोसेमाइडचं रिफिल कायमचं रद्द केलं. मेडिकेअरच्या साइटवर पेशंटला आपला मुख्य डॉक्टर स्वतः निवडता येतो आणि ती निवड बिलांच्या हिशोबावर मात करते, पण हे पेशंटना कोणी सांगतच नाही. बहिणीने पेशंटच्या अकाउंटवर माझं नाव निवडलंय, यादीत दिसेल ते पुढच्या वर्षी. होम हेल्थ एजन्सीला, डिस्चार्जच्या दिवसाची यादी हातात असल्याशिवाय डबा भरू नका, असं लेखी कळवलंय, त्यांचं उत्तर अजून आलेलं नाही.