कॉस्मॉलॉजीच्या कुळीपत्रातील खिंडार बुजले

मागील नोंदीत अडून बसलेला ‘कॉस्मॉलॉजी’ (विश्वरचनाशास्त्र) या शब्दाच्या इतिहासाचा मधला दुवा अखेर हाती लागला असून, हे कुळीपत्र, म्हणजे शब्दाची वंशावळ टिपलेले कार्ड, आता पेन्सिलीतून शाईत उतरवता येईल. मुळाकडची बाजू पूर्वीच पक्की झाली होती. ग्रीक ‘कोस्मोस’ म्हणजे मांडणी, शिस्त आणि साजशृंगारही. ‘इलियड’मध्ये तो घोड्याच्या अलंकारासाठी येतो, तर प्लेटोच्या ‘गॉर्जियास’मध्ये सॉक्रेटिस म्हणतो की ज्ञानी लोक या साऱ्या पसाऱ्याला ‘कोस्मोस’ म्हणतात, कारण त्यात सुव्यवस्था आहे. आमच्या तालुक्याच्या बाजारातील ‘कॉस्मेटिक’च्या दुकानाची पाटी याच कुळातली आहे, हे मला अजूनही गमतीचे वाटते.

अडचण पुढची होती. इंग्रजीतील पहिली नोंद म्हणून थॉमस ब्लाउंट यांच्या १६५६ च्या कोशाचा आणि लॅटिनमधील प्रतिष्ठेसाठी क्रिस्टियन वोल्फ यांच्या १७३१ च्या ग्रंथाचा दाखला सगळेच देतात; परंतु प्रत्यक्ष पान पाहिल्याशिवाय शाई लावायची नाही, हा आपला नियम. भारनियमन संपल्यावर, नेटवर्क मिळते म्हणून गच्चीवर बसून, स्कॅन केलेल्या जुन्या पुस्तकांत शोध घेतला, तर १८०० च्या आधी हा शब्द जवळजवळ नाहीच असे दिसे. एवढा रूढ शब्द दीडशे वर्षे दडी मारून कसा बसेल?

उत्तर छापखान्यात होते. त्या काळी शब्दाच्या आरंभी आणि मध्ये ‘एस’ हे अक्षर लांब काढीत, ते ‘एफ’सारखे दिसते, आणि संगणक ते ‘एफ’ म्हणूनच वाचतो. म्हणून ‘कॉफ्मॉलॉजी’ असा विचित्र शब्द टाकून पाहिला आणि अठराव्या शतकातील पाने एकामागून एक उघडू लागली. त्या रात्री झोप लागली नाही, हे सांगायला नको.

शोधयंत्रांवर माझा विश्वास यापुढे बेताचाच राहील. ग्रीकसाठी मात्र लिडेल-स्कॉट कोशाच्या तोडीचे साधन नाही. कुळीपत्रांसाठी शहरातून मागवलेल्या कोऱ्या कार्डांवर शाई फुटते, त्यामुळे मी आता लग्नपत्रिका छापणाऱ्याकडील जाड कात्रणे वापरतो. ती फुकट मिळतात आणि टिकतातही.

यानंतर ‘कॉस्मोनॉट’ घ्यायचा विचार होता. पण हे लिहिता लिहिताच वाटते की आधी मागची कुळीपत्रे उलगडावीत, कारण ज्या ज्या शब्दाच्या पोटात ‘एस’ आहे त्याची १८०० पूर्वीची बाजू पुन्हा तपासावी लागेल. शिवाय आपल्या पोथ्यांत ‘ब’ आणि ‘व’ यांची अशीच सरमिसळ असते. तेव्हा ‘ब्रह्मांड’चे कुळीपत्र ‘व’ धरूनही शोधले पाहिजे. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या १८३१ च्या पहिल्या आवृत्तीचे स्वच्छ स्कॅन कोणाकडे असल्यास त्या शब्दाचे पान पाठवावे. माझ्याजवळ १८५७ चीच आवृत्ती आहे.