लंडनची चर्च, रविवार सोडून

लंडनच्या ‘सिटी’ भागात रविवारी गेलात तर बंद दारांशिवाय फारसं काही दिसत नाही. सिटी म्हणजे अख्खं लंडन नव्हे, त्यातला एका चौरस मैलाचा सगळ्यात जुना तुकडा. तिथे राहणारी माणसं जेमतेम काही हजार, पण नोकरीसाठी रोज येणारी पाच लाखांच्या वर. १६६६ च्या मोठ्या आगीत हा भाग जळाला आणि मग वास्तुविशारद क्रिस्टोफर रेनच्या देखरेखीखाली इथे पन्नासहून अधिक चर्च पुन्हा बांधली गेली. त्यातली बरीच अजून उभी आहेत. भोवतालची वस्ती मात्र उठून गेली आणि तिच्या जागी बँका, विमा कंपन्या आणि काचेचे मनोरे आले. म्हणून यातल्या अनेक चर्चनी आपला वारच बदलला. शनिवार-रविवार कुलूप, आणि कामाच्या दिवशी दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, कुठे उपासना तर कुठे ऑर्गनवादन.

मला याचंच कुतूहल होतं. भोवती वस्ती नसलेलं देवघर कशावर तगून राहतं?

शुक्रवारी दुपारी बँक स्टेशनातून बाहेर पडले आणि लंडनच्या लॉर्ड मेयरचा सरकारी वाडा, मॅन्शन हाउस, त्याच्या मागच्या बाजूला वळले. सेंट स्टीफन वॉलब्रुक बाहेरून अगदी साधं आहे. पायऱ्या चढून आत गेलं की एकदम डोक्यावर घुमट येतो. आठ कमानींवर तोललेला हा घुमट रेनने सेंट पॉल्स कॅथीड्रलच्या प्रसिद्ध घुमटाच्या आधी बांधला. बरोबर त्याच्या खाली, भर मध्यावर, फिकट दगडाची मोठी गोल वेदी आहे. शिल्पकार हेन्री मूरचं हे काम. वेदी भिंतीपाशी हवी, ती टेबलासारखी दिसायला हवी, हा गोळा कसला, असा वाद पेटला आणि चर्चच्या न्यायालयात गेला. तिथे नकार मिळाला. शेवटी फारच क्वचित भरणाऱ्या एका वरिष्ठ धर्मन्यायालयाने १९८७ मध्ये परवानगी दिली. चेष्टेखोर लोक तिला अजूनही चीजचा गोळा म्हणतात. मला ती आवडली. बाकं तिच्याभोवती गोल मांडली असल्याने समोर व्यासपीठ येत नाही, समोर येतात ती माणसं.

वादन सुरू झालं. ऑर्गन प्रवेशदाराच्या वर आहे, त्यामुळे वादक दिसतच नाही. कोणाकडे बघायचं हा प्रश्न मिटतो. माझ्या समोरच्या बाकावर सुटातला एक तरुण गळ्यातलं ऑफिसचं ओळखपत्र खिशात सारून डोळे मिटून बसला होता. पलीकडे एका बाईंनी आवाज न करता सँडविच सोडलं, त्यांना कोणी हटकलं नाही. ज्याला घड्याळ दिसलं तो उठून निघाला, त्याच्याकडेही कोणी वळून पाहिलं नाही. वादन खूप चांगलं होतं असं म्हणणार नाही. पहिला तुकडा जरा गडबडीचाच वाटला. पण बाख या जर्मन संगीतकाराची रचना लागली आणि खालच्या पट्टीतल्या सुरांनी बाकाचं लाकूड थरथरायला लागलं, तेव्हा आजूबाजूची दोन-तीन माणसं नुकतीच श्वास घ्यायला शिकल्यासारखी खांदे सैल करून बसली.

मी मात्र इथे मुख्यतः एका टेलिफोनसाठी आले होते. काळा, जुन्या धाटणीचा, काचेच्या पेटीत ठेवलेला.

चॅड व्हारा १९५३ मध्ये या चर्चचे रेक्टर, म्हणजे मुख्य पाद्री, झाले. त्याच्या अठरा वर्षं आधी, १९३५ मध्ये, लिंकन शहरात नवशिके पाद्री असताना त्यांनी पहिला अंत्यविधी केला तो एका कोवळ्या वयाच्या मुलीचा. तिला पाळी सुरू झाली होती. हे काय आहे हे सांगणारं तिला कोणी नव्हतं. आपल्याला लाजिरवाणा आजार जडला अशा समजुतीने तिने जीव दिला. व्हारांच्या मनातून ती मुलगी गेली नाही. पुढे लंडनमध्ये दिवसाला सरासरी तीन आत्महत्या होतात असं त्यांच्या वाचनात आलं. आग लागली तर फोन करायला नंबर आहे, मग आयुष्य नकोसं झालेल्याने कोणाला फोन करायचा? तेव्हा इंग्लंडमध्ये आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता, तो कायदा १९६१ मध्ये बदलला. म्हणजे मदत मागणं हीसुद्धा जोखीमच होती. २ नोव्हेंबर १९५३ रोजी या चर्चमधल्या फोनवर पहिला कॉल आला. नंबर होता मॅन्शन हाउस ९०००. आपल्याला लक्षात राहील असा हाच नंबर हवा होता आणि फोनवरची धूळ पुसली तर तोच तिथे आधीपासून लिहिलेला होता, असा किस्सा व्हारा स्वतः सांगत.

(हेच गृहस्थ ‘ईगल’ नावाच्या मुलांच्या चित्रकथांच्या साप्ताहिकासाठी लिहायचे आणि अंतराळवीर डॅन डेअरच्या कथांना शास्त्रीय सल्ला द्यायचे. पाद्री म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर जो माणूस येतो, त्यात हे कुठेच बसत नाही.)

मला खरी थक्क करणारी वाटते ती पुढची गोष्ट. सल्ला व्हारा देणार अशी मूळ योजना होती. स्वयंसेवक होते ते प्रत्यक्ष भेटायला येऊन थांबलेल्यांना चहा-कॉफी द्यायला, दोन शब्द बोलायला. काही महिन्यांतच दिसलं की बाहेर बसून बोलून झाल्यावर बऱ्याच जणांना आत जायची गरजच उरत नाही. जाणकाराच्या सल्ल्यापेक्षा कोणीतरी न थांबवता, न टोकता ऐकतंय, एवढंच अनेकांना पुरत होतं. व्हारांनी हे पाहिलं आणि, जे भल्याभल्यांना जमत नाही ते केलं, स्वतः बाजूला झाले. २ फेब्रुवारी १९५४ रोजी फोन स्वयंसेवकांच्या हाती गेला. सॅमॅरिटन्स ही संस्था अशी उभी राहिली. हे नावही त्यांनी ठेवलेलं नाही, एका वर्तमानपत्राच्या मथळ्यातून ते चिकटलं. एक नियम सुरुवातीपासून पक्का होता, समोरच्याला धर्माचे डोस पाजायचे नाहीत. चर्चच्या तळघरात बसून पाद्र्याने घातलेला नियम आहे हा.

आज ब्रिटनमध्ये त्यांचा नंबर ११६ १२३ आहे, चोवीस तास, विनामूल्य. आपल्याकडे सरकारची ‘टेली-मानस’ सेवा १४४१६ वर आहे. तो नंबर फोनमध्ये साठवून ठेवायला काहीच हरकत नाही.

वादन संपल्यावर दाराशी उभ्या असलेल्या स्वयंसेवक आजोबांना मी विचारलं, “इथे येणारे सगळे श्रद्धाळू असतात का हो?” ते हसले. म्हणाले, “आम्ही विचारत नाही. तुम्ही उद्या आलात तर तुम्हालाही विचारणार नाही. पण उद्या येऊ नका, उद्या शनिवार आहे.”

तिथून चालत दोन-तीन मिनिटांवर सेंट मेरी वूलनॉथ आहे. खाली थेट बँक स्टेशन, वर चर्च. स्टेशनासाठी तिथल्या तळघरातली दफनंही हलवावी लागली. जॉन न्यूटन इथे १७८० पासून १८०७ पर्यंत, मरेपर्यंत, रेक्टर होते. ‘अमेझिंग ग्रेस’ हे जगभर गायलं जाणारं स्तोत्र त्यांचं. गुलाम वाहून नेणाऱ्या जहाजांचे कप्तान होते ते आधी. भिंतीवरच्या स्मृतिशिलेचा मजकूर त्यांनी स्वतःच लिहून ठेवला होता, आणि त्यात आपला भूतकाळ झाकलेला नाही. इथे येण्याआधी ते ओल्नी गावात होते. तिथे विल्यम काउपर हा कवी त्यांचा मित्र झाला. दोघांनी मिळून स्तोत्रं रचली, १७७९ मध्ये त्यांचं पुस्तक निघालं. काउपरला तीव्र नैराश्याचे झटके यायचे, त्याने जीव द्यायचा प्रयत्नही केला होता. १७७३ मध्ये तो पुन्हा कोसळला तेव्हा न्यूटन पतिपत्नींनी त्याला वर्षभराहून जास्त आपल्या घरी सांभाळलं.

भजन म्हणा, गाणं ऐका, मन बरं होतं, असं सहज बोललं जातं. मला काउपर आठवतो. इंग्रजीतली अत्यंत सुंदर स्तोत्रं ज्याने लिहिली त्याला त्या स्तोत्रांनी बरं केलं नाही. घरात ठेवून घेणारा मित्र होता म्हणून तो त्या वेळी तगला. संगीताला औषध म्हणणाऱ्यांनी एकदा या शिलेसमोर उभं राहावं.

संध्याकाळी पाचला सेंट पॉल्स कॅथीड्रल. दिवसा हे चर्च बघायला वीसहून अधिक पौंड मोजावे लागतात. पण पाच वाजताच्या सायंप्रार्थनेला, म्हणजे इव्हनसाँगला, पैसे पडत नाहीत, कारण तुम्ही तेव्हा पर्यटक नसता. काही लोक केवळ तेवढ्यासाठी येतात हे उघड आहे, आणि दारावरच्या माणसालाही ते ठाऊक आहे.

ही प्रार्थना चर्च ऑफ इंग्लंडच्या १५४९ च्या प्रार्थनापुस्तकापासून चालत आलेली. जुन्या मठांतल्या संध्याकाळच्या आणि झोपायच्या आधीच्या अशा दोन उपासना एकत्र करून ती बनवली. त्यात भाविकाने करायचं फारच थोडं असतं. उभं राहायचं, बसायचं, एकदा श्रद्धा-वचन म्हणायचं. बाकी बहुतेक सगळं गायकवृंद गातो. तो समोरासमोर दोन बाजूंना बसतो आणि स्तोत्रातल्या ओळी आळीपाळीने गातो, एक बाजू टाकते, दुसरी उचलते. कीर्तनात टाळकऱ्यांच्या दोन रांगा पाहिलेल्या माणसाला ही मांडणी नवखी वाटायची नाही. फक्त इथे पाय हलत नाहीत, आणि घुमटाखाली सूर इतका वेळ रेंगाळतो की प्रत्येक ओळीच्या मध्ये थांबून त्याला जायला वाट द्यावी लागते. त्या थांब्यांत खोकलासुद्धा येत नाही कोणाला.

मग मरियेचं, म्हणजे येशूच्या आईचं, गीत आलं. रोज संध्याकाळी गातात ते. त्यात काय आहे तर देवाने बलवानांना आसनांवरून खाली उतरवलं, भुकेल्यांना चांगल्या पदार्थांनी तृप्त केलं आणि श्रीमंतांना रिकाम्या हातांनी परत पाठवलं. बँक ऑफ इंग्लंडपासून दहा मिनिटांच्या अंतरावर, पांढऱ्या झग्यातली लहान मुलं हे इतक्या गोड आवाजात गातात की कोणाला राग येत नाही. मला वाटतं, ही त्या संगीताची ताकद आहे आणि पळवाटसुद्धा.

आणखी एक. या प्रार्थनेने मन निवतं असं सांगणारे बरेच भेटतात, मलाही ते जाणवलं. पण निवतं ते ऐकणाऱ्याचं. गाणारी ही मुलं बोर्डिंग शाळेत राहतात, शाळेआधी तालीम करतात, आणि इतरांना सुट्टी असते त्या नाताळात त्यांना सगळ्यात जास्त काम असतं. आपल्या तासाभराच्या विसाव्यामागे दुसऱ्या कोणाची तरी शिस्त उभी असते. (मुलींना या वृंदात जागा मिळाली ती अगदी अलीकडे.)

ट्रफल्गर चौकातल्या सेंट मार्टिन-इन-द-फील्ड्सला दुसऱ्या दिवशी गेले. हे सिटीच्या बाहेर, म्हणून शनिवारीही उघडं. १७२६ मध्ये पुरं झालेलं, वास्तुविशारद जेम्स गिब्जचं हे चर्च संगीतरसिकांना त्याच नावाच्या वाद्यवृंदामुळे माहीत असतं. नेव्हिल मॅरिनरने तो १९५८ मध्ये सुरू केला. मला मात्र त्याच्या तळघराबद्दल लिहायचंय. पहिल्या महायुद्धात डिक शेपर्ड इथले व्हिकर, म्हणजे प्रमुख पाद्री, झाले. फ्रान्सच्या आघाडीवर जाणारे-येणारे सैनिक शेजारच्या चेरिंग क्रॉस स्टेशनावर उतरायचे, त्यांना रात्री टेकायला जागा नसे. शेपर्डनी दारं उघडी ठेवली. तेव्हापासून बेघरांसाठीचं काम इथे चालूच आहे. १९२४ च्या जानेवारीत बीबीसीने चर्चमधली उपासना पहिल्यांदा रेडिओवरून प्रसारित केली ती इथूनच, आणि बेघरांसाठी नाताळात रेडिओवरून मदत मागण्याची प्रथाही याच चर्चची.

तळघरात आता कॅफे आहे. जमिनीत जुन्या कबरींचे दगड बसवलेत आणि त्यांच्यावर टेबलं. मी सूप घेतलं. नावं वाचत वाचत खाणं सुरुवातीला विचित्र वाटतं, मग नाही वाटत.

दर नोव्हेंबरात इथे एक उपासना होते. वर्षभरात लंडनच्या रस्त्यांवर वा निवाऱ्यांत बेघर अवस्थेत मेलेल्यांची नावं एकेक करून वाचली जातात. तिथे गाणाऱ्यांत ‘क्वायर विथ नो नेम’ असतो, स्वतः बेघरपण भोगलेल्या लोकांचा गायकवृंद. २००८ पासून ते दर आठवड्याला तालीम करतात आणि तालीम झाली की सगळे एकत्र जेवतात. स्वीडनमधल्या गोथेनबर्ग विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं होतं की एकत्र गाणाऱ्यांच्या हृदयाचे ठोके एका लयीत वरखाली होऊ लागतात, कारण गाणं सगळ्यांना एकाच वेळी श्वास घ्यायला लावतं. असेलही. पण या वृंदाच्या बाबतीत माझं मत जेवणाच्या बाजूने आहे. गाण्याला यायचं असेल तर ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी यावं लागतं, आणि नाही आलात तर जेवणाच्या टेबलावर तुमची चौकशी होते.

जाणाऱ्यांसाठी थोडं व्यवहाराचं. सिटीतल्या चर्चच्या वेळा प्रत्येकाच्या निराळ्या, जाण्याआधी पाहून घ्या. सेंट पॉल्सला साडेचारपर्यंत पोचलात तर घुमटाखाली चांगली जागा मिळते. मोठी बॅग नको, फोटो अजिबात नाही. शाळेच्या सुट्टीत मुलं नसतात, तेव्हा बाहेरगावचे वृंद येऊन गातात आणि तेही ऐकण्यासारखे असतात. आणि एक, प्रार्थनापुस्तकाने बायबलमधली दीडशे स्तोत्रं महिन्याच्या तीस दिवसांत वाटून दिलेली आहेत, त्यात पंधरा तारखेच्या संध्याकाळी अठ्ठ्याहत्तरावं स्तोत्र येतं. ते सत्तरहून जास्त कडव्यांचं आहे. बहुतेक ठिकाणी हल्ली त्याला कात्री लावतात, पण एखाद्या कडक शिस्तीच्या चर्चमध्ये त्या दिवशी सापडलात, तर पुढची गाडी जरा उशिराचीच धरा.