आमची वाटचाल: शेक-मशीनपासून ड्राय नीडलिंगपर्यंत

परळ-लालबागमधल्या इतर छोट्या फिजिओथेरपी क्लिनिकसारखीच आमची सुरुवात झाली: दोन टेबलं, एक आयएफटी (दुखऱ्या भागाला सौम्य वीजप्रवाह देणारं मशीन), एक अल्ट्रासाऊंड आणि मधे पडदा. पेशंटची मागणीही ठरलेली, ‘शेक द्या, मशीन लावा.’ शेकाने बरं वाटतं, पण अडकलेली मान तेवढ्याने वळत नाही. आणि आमच्याकडे माणसं येतात ती अडकलेलीच. लोकलमध्ये वरची कडी धरून उभं राहायचं, सॅक पोटाशी, मग लोअर परळच्या ऑफिसात दिवसभर लॅपटॉप. खांद्यावरचा ट्रॅपेझियस आणि मानेच्या बाजूचा लिव्हेटर स्कॅप्युली हे दोन स्नायू मुंबईत कधी सैल सुटतच नाहीत. गणपतीच्या आधी यात ढोलपथकांची भर पडते: मनगट, कोपर आणि ढोल कमरेला बांधल्याने कंबर.

ड्राय नीडलिंग आम्ही सुरू केलं ते यासाठी. भरीव, बारीक सुई असते, तिच्यातून औषध जात नाही. स्नायूत ताठ दोरीसारखा पट्टा असतो आणि त्यात एक दुखरी गाठ, ट्रिगर पॉइंट. सुई तिथे पोचली की स्नायू क्षणभर फडकतो. चेक डॉक्टर कारेल लेविट यांनी 1979 मध्ये दाखवलं होतं की कित्येकदा आराम इंजेक्शनमधल्या औषधाने नव्हे, सुईनेच पडतो. ट्रिगर पॉइंटचे नकाशे अमेरिकन डॉक्टर जॅनेट ट्रॅव्हेल आणि डेव्हिड सायमन्स यांनी 1983 मध्ये ग्रंथरूपात आणले. आजही टेबलाशी उभं राहिल्यावर तेच उपयोगी पडतात, कारण दुखतं एकीकडे आणि गाठ असते दुसरीकडे. खांद्याच्या पुढच्या बाजूला दुखतं आणि गाठ पाठीमागे, खांद्याच्या पात्यावरच्या इन्फ्रास्पायनॅटस स्नायूमध्ये. नितंबातल्या ग्लुटिअस मिनिमस स्नायूची कळ पायाच्या बाहेरच्या बाजूने अशी उतरते की पेशंट ‘सायटिका’ म्हणूनच येतो.

म्हणून आमचा जास्त वेळ सुईच्या आधीच जातो. मान दोन्हीकडे किती अंश वळते ते गोनिओमीटरने (कोन मोजायच्या साधनाने) मोजतो. पोटरीसाठी गुडघा भिंतीला टेकवून अंगठा भिंतीपासून किती सेंटिमीटर मागे राहतो ते पाहतो. हाताला मुंग्या आणि पकडीत अशक्तपणा, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, ताप किंवा घटलेलं वजन असेल तर सुईचं पाकीट उघडतच नाही, डॉक्टरांकडे पाठवतो. चालताना डावा खांदा आणि छाती भरून येत असेल तर आधी ईसीजी. एकच पोटरी सुजून गरम झाली असेल तर आधी डॉपलर, म्हणजे शिरेत गुठळी नाही ना हे पाहणारी सोनोग्राफी. मॅरेथॉनच्या सरावात ‘पोटरी धरली’ म्हणून येणाऱ्यांनाही हाच नियम.

मान-खांद्याला साधारण 0.25 मिमी जाडीची, 30 ते 40 मिमी लांब सुई पुरते. नितंबाच्या खोल स्नायूंना 60 ते 75 मिमी लागते, जाडीही 0.30. पेशंट झोपलेलाच हवा, बसलेल्याला चक्कर आली तर तो सुईसकट कोसळतो. हात धुऊन हातमोजे, त्वचा स्पिरिटने पुसून वाळू द्यायची, ओल्या स्पिरिटवर टोचलं की उगाच झोंबतं. गाइड ट्यूब (सुईची बारीक नळी) टेकवून एक टिचकी, मग सुई थोडी मागे घेऊन दिशा किंचित बदलत पुन्हा आत, फडकणं मंदावेपर्यंत. काढल्यावर कापसाने अर्धा मिनिट दाबून धरायचं, निळा डाग कमी पडतो. कधी स्नायू आवळून सुई धरून ठेवतो. तेव्हा ओढायचं नाही. थांबायचं, आजूबाजूला टिचक्या मारायच्या, सैल पडली की ती येते.

खरी भीती फुफ्फुसाची. त्याचं टोक कॉलरबोनच्या वर 2-3 सेंमी असतं, त्यामुळे ट्रॅपेझियस चिमटीत उचलून सुई चिमटीतल्या बोटाच्या दिशेनेच, बरगड्यांकडे कधीच नाही. सुईनंतर काही तासांनी छातीत टोचलं, कोरडा खोकला आला किंवा धाप लागली तर फोन करत बसू नका, थेट कॅज्युअल्टीत जा, हे आम्ही संमतीची सही घेतानाच सांगतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर खोल स्नायूंना हात लावत नाही. गरोदरपण, मधुमेहाने गेलेली संवेदना, निकेलची ॲलर्जी हे सगळं आधी विचारतो. सुईची भीती असेल तर आग्रह नाही.

सुई काढल्यावर लगेच हालचाल: मान वळवणं, ताण, हलका व्यायाम, मग तेच मोजमाप पुन्हा. एक-दोन दिवस ठणकतं, त्यावर गरम शेक चालतो. (शेकाची जुनी पिशवी अशी कामी येते.) सुईने दुखणं कमी होतं ते बहुतेक थोड्या काळापुरतं. ती मोकळीक व्यायामाने टिकवली नाही तर पेशंट त्याच गाठीसाठी परत येतो. फ्रोजन शोल्डरमध्ये आवळलेलं असतं सांध्याचं वेष्टन, तिथे सुईने फार तर आजूबाजूचे स्नायू सैल होतात.

यामुळेच आम्ही दहा सेशनचं पॅकेज विकत नाही. साधारण आठवड्याच्या अंतराने दोन-तीन वेळा करूनही अंश किंवा सेंटिमीटर हलले नाहीत तर सुई बंद, आणि निदान नव्याने करतो. धंद्याच्या दृष्टीने हा तोट्याचा नियम आहे असं सांगणारे भेटतात. असू दे.

बाकी खर्च सुईचा कमी, शिस्तीचा जास्त. प्रत्येक सुई एकदाच. 2016 च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे वापरलेली सुई पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात, रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी फाइलला. पावसाळ्यात सुयांचे खोके भिंतीला लावून ठेवायचे नाहीत. मुंबईच्या भिंतीची ओल कागदी पाकिटात उतरते आणि ओलं पाकीट निर्जंतुक धरता येत नाही, ते फेकायचं. नवीन थेरपिस्टला आम्ही आधी पोटरी आणि हाताचे स्नायू देतो. छातीभोवतीच्या स्नायूंना त्याचा हात सगळ्यात शेवटी लागतो, तोही सीनियर शेजारी उभा असताना.